लवचीक विद्यापीठ, ताठ घर

नागरी सहकारी बँकेत नोकरी करता करता मी इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, एमबीए केलं. पस्तिशी उलटली होती, मुलगा शाळेत होता, सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. पुढे बरीच वर्षं रविवारी अभ्यासकेंद्रावर समुपदेशक म्हणून हिशेब आणि वित्त हे विषय शिकवले. समोरच्या बाकांवर शिक्षिका असत, परिचारिका असत, विमा कार्यालयातल्या, महावितरणातल्या, पतसंस्थेतल्या बायका असत. त्यांच्याकडून आणि स्वतःच्या संसारातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. "ताई, या वयात करू का?" असं कुणी विचारलं की "कर" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. कसं कर, हे सांगताना मात्र वेळ लागतो.

१. लवचीक असतं ते विद्यापीठ. घर नव्हे.

ज्यांना रोज वर्गात येणं शक्य नाही, त्यांच्यासाठीच मुक्त विद्यापीठं निघाली. इग्नू १९८५ मध्ये, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. इग्नूचं एमबीए दोन वर्षांत संपवता येतं आणि चार वर्षांपर्यंत लांबवताही येतं. पुस्तकं घरी येतात, तास सुट्टीच्या दिवशी असतात, हजेरीचा जाच नाही. विद्यापीठ एवढं वाकतं. पण दोन गोष्टींत ते वाकत नाही: असाइनमेंटची मुदत आणि परीक्षेच्या तारखा.

परीक्षेचं वेळापत्रक दिल्लीत ठरतं आणि आपलं कालनिर्णयावर. सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जूनची परीक्षा म्हणजे अभ्यास मे महिन्यात. मे महिन्यात लग्नसराई, मुलांना सुट्टी, माहेरची-सासरची पाहुणेमंडळी, गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण. त्यातून मान वर काढावी तर जूनच्या मध्याला शाळा सुरू: गणवेश, वह्यांना कव्हरं, रिक्षावाल्या काकांशी नव्या दराची घासाघीस. डिसेंबरची परीक्षा म्हणजे अभ्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि तेव्हा दिवाळी. असाइनमेंटचं तेच. साधारण मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर त्या द्यायच्या असतात. बँकेतल्या बाईला मार्चअखेर म्हणजे काय हे मी सांगायला नको, आणि सप्टेंबरात बहुतेक वर्षी गणपती-गौरी तरी असतात, नाहीतर पितृपक्ष. मुदत पुष्कळदा वाढते, हे खरं. पण वाढेल या भरवशावर राहू नका. त्या असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात आणि एकूण गुणांतले तीस टक्के त्यांचे असतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, सगळं लिहिलेलं असे. त्याच चौकटींत मी लाल पेनाने परीक्षेच्या आणि असाइनमेंटच्या तारखा लिहायला लागले. डायरीत लिहिलं असतं तर ते माझं खासगी प्रकरण राहिलं असतं. भिंतीवर आलं आणि ते घराचं झालं. एका मे महिन्यात सासूबाईच त्यांच्या बहिणीला फोनवर सांगताना ऐकल्या, "जूनमध्ये नको गं येऊस, हिची परीक्षा आहे." कुणाला न दुखावता मला हे कधीच सांगता आलं नसतं.

२. परवानगी मागू नका. कामं वाटून द्या.

"घरच्यांचा पाठिंबा आहे का?" हा प्रश्न पुरुष विद्यार्थ्याला विचारलेला मी ऐकलेला नाही. पाठिंबा म्हणजे बहुतेक घरांत असं असतं: "शिक की, आम्ही कुठे नाही म्हणतो? फक्त घराकडे दुर्लक्ष नको." या वाक्यातला "फक्त" फार महाग पडतो.

नवरा मदत करतो म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवं. कणीक मळून, भाजी चिरून, फोडणीचं सामान काढून "एवढं परतून घ्या" असं सांगण्यात आपली अर्धी संध्याकाळ जाते. काम द्यायचं ते सगळंच्या सगळं द्यावं. शनिवार-रविवारचं जेवण तुमच्याकडे म्हणजे भाजी कुठली करायची, ती आणायची कुणी, कोथिंबीर संपली आहे का, हे सगळं तुमच्याकडे. पहिले काही रविवार आमच्याकडे खिचडीच झाली. त्याने कुणी आजारी पडलं नाही.

ज्यांना परवडतं त्यांनी पोळ्यांना बाई लावावी आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. ज्यांना परवडत नाही, किंवा ज्यांच्या घरात कुणी कुसळ उचलायला तयार नाही, त्यांना मी आदर्श घराच्या गोष्टी सांगत नाही. माझ्या वर्गातली एक पर्यवेक्षिका सगळा अभ्यास एसटीत करायची. जायचा प्रवास वाचायला, यायचा प्रवास मनात उत्तरं जुळवायला. घरात पुस्तक उघडलं की सासरे टीव्हीचा आवाज वाढवायचे. ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. तरीही तिचं उदाहरण देऊन दुसऱ्या बाईला "बघ, ती करते ना" असं कुणी म्हणू नये.

३. नावाचा घोळ आधी निस्तरा.

हा मुद्दा माहितीपत्रकात नसतो, पण प्रवेशाच्या खिडकीशी निम्मा वेळ यातच जातो. पदवीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, पॅनवर मधलं नाव वडिलांचं आणि बँक खात्यावर नवऱ्याचं. त्यात कुणाचं लग्नात नावही बदललेलं. पूर्वी हे प्रतिज्ञापत्रावर निभावून जायचं. आता दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना डीईबी-आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, तो आधाराशी जोडलेल्या शैक्षणिक खात्यावरून निघतो, आणि संगणकाला "अहो, ती मीच" हे पटत नाही. विवाह नोंदणीचा दाखला, लागलं तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, आधारातली दुरुस्ती, यांना आठवडे जातात. प्रवेश सुरू व्हायच्या आधी हे करून टाकावं. ज्या मुलींचं लग्न अजून व्हायचं आहे त्यांना माझा सल्ला विचाराल तर नाव बदलूच नका. कागदपत्रांचा अर्धा त्रास तिथेच वाचतो.

४. "वन सिटिंग" वाल्यांच्या नादी लागू नका.

एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर आणि आता मोबाईलवर जाहिरात असते: घरबसल्या एमबीए, परीक्षेची हमी, एका वर्षात पदवी. यांचं गिऱ्हाईक पुष्कळदा बाईच असते, कारण तिच्याकडे वेळ नाही हे त्यांना ठाऊक असतं. पदोन्नतीच्या वेळी कागदपत्रं पडताळणीला गेली की पैसेही जातात आणि अब्रूही.

तपासायचं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या अभ्यासक्रमाला आणि कुठल्या वर्षासाठी मान्यता आहे, याची यादी असते. तिन्ही बघायचं. विद्यापीठ खरं असूनही तो अभ्यासक्रम किंवा ते वर्ष यादीत नसू शकतं. २०२० च्या नियमांनुसार विद्यापीठाला असे अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवता येत नाहीत. त्यामुळे "आमच्याकडे पैसे भरा, आम्ही बघतो" म्हणणारा क्लासवाला दिसला की उठून यायचं. आणि कार्यालयात कुणी "बाहेरून केलेलं चालत नाही" म्हणालं तर त्याला सांगा, सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगानेच स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची.

५. फी स्वतःच्या पैशातून भरा.

इग्नूचं सगळं एमबीए लाखाच्या आत होतं आणि फी सत्रा-सत्राने भरता येते. खासगी विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्याहून महाग आणि नामांकित संस्थांचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम अनेक लाखांत जातात. आपल्या पगाराला झेपेल ते निवडावं. माझी पहिली फी भिशीतून गेली. त्या भिशीतून सोफा यायचा होता, तो काही वर्षांनी आला. नंतर मी आवर्ती ठेव लावली. नवऱ्याने देऊ केले होते, घेतले नाहीत. भांडण म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या पैशाने शिकणाऱ्या बाईला एखाद्या विषयात नापास व्हायची मुभा उरत नाही आणि ती मुभा लागते.

दागिने मात्र मोडू नयेत. पदवीने पगार वाढेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

६. आकडे तुम्हाला येतात.

"मॅडम, मला गणित नाही जमत," हे वाक्य पहिल्या रविवारी हमखास यायचं, आणि बहुतेक वेळा बाईकडूनच. पुरुषांनाही जमत नसायचं, पण ते तसं बोलून दाखवत नसत. माझ्या काळातल्या संख्यात्मक विश्लेषणाच्या पेपरला, एमएस-८ ला, सगळेच टरकून असायचे. नव्या रचनेत त्याचा क्रमांक बदलला, धाक तसाच आहे.

पैशाचं कालमूल्य शिकवताना मी पुस्तक मिटून बोलीची भिशी काढायचे. वीस जणी, दरमहा दोन हजार, म्हणजे चाळीस हजारांची रास. पहिल्याच महिन्यात जिला मुलाच्या प्रवेशासाठी पैसे हवेत ती सहा हजार सोडायला तयार होते आणि चौतीस हजार उचलते. सोडलेले सहा हजार बाकीच्यांत वाटले जातात. शेवटच्या महिन्यांत कुणी फारसं सोडत नाही, कारण थांबायचं काही उरलेलं नसतं. आता सांगा, आजचे चौतीस आणि पुढचे चाळीस यांच्यात जे आहे त्याला काय म्हणायचं? वर्गातल्या बायका फटाफट बोलायच्या, कुणी किती सोडलं तर परवडतं आणि कुठल्या महिन्यात भिशी उचलणं मूर्खपणाचं. मग मी फळ्यावर वर्तमान मूल्याचं सूत्र लिहायचे. त्या दिवशी ते सूत्र कुणाला परकं वाटायचं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रिझर्व्ह बँकेने तिचा पहिला अर्ज नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याज काढायला सांगा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, कोण आधी काढतं बघू, असं त्यांनी तिथे सांगितलं. परवाना मिळाला. आकडेमोड त्यांना आधीपासून येत होती, अडलं होतं ते कागदावर. पदवीचंही पुष्कळ अंशी तसंच आहे.

७. इंग्रजीला भ्यायचं कारण नाही, पण सोंगही नको.

इग्नूचं व्यवस्थापनाचं साहित्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून बी.कॉम. झालेल्या बाईला पहिले दोन महिने जड जातात, नंतर तेच तेच शब्द फिरून येतात हे लक्षात येतं. मी वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठीत माझ्या भाषेत टिपण काढत असे. खेळतं भांडवल, घसारा, ताळेबंद, येणी-देणी हे शब्द आपण रोज वापरतोच. संकल्पना मराठीत कळली की उत्तर मोडक्या इंग्रजीतही बरोबर येतं. बाजारात मिळणारी "तयार उत्तरं" विकत घेऊन असाइनमेंटमध्ये उतरवणाऱ्या दोघी-तिघी दर सत्रात सापडायच्या. वाक्यं इतकी गुळगुळीत असत की तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळे.

८. पंचविशीच्या आतल्या मुलीला "बाहेरून कर" म्हणू नका.

मी आयुष्यभर मुक्त शिक्षणाची बाजू घेतली, म्हणूनच हे मला सांगितलं पाहिजे. गेल्या काही वर्षांत एक नवीच पळवाट निघाली आहे. मुलगी हुशार आहे, सीईटी देऊन पुण्या-मुंबईच्या चांगल्या महाविद्यालयात जाऊ शकते, पण घरचे म्हणतात, "लग्न करून घे, मग बाहेरून एमबीए कर, हल्ली ऑनलाइन असतं सगळं." मुलाला असं सांगत नाहीत. त्याच्यासाठी शैक्षणिक कर्ज काढतात.

पूर्णवेळ अभ्यासक्रमात जे मिळतं ते घरबसल्या मिळत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या, उन्हाळ्यातली इंटर्नशिप, रात्री उशिरापर्यंत चाललेली गटातली भांडणं, पुढे वीस वर्षं उपयोगी पडणाऱ्या ओळखी, यातलं काहीही टपालाने येत नाही. बऱ्याच खासगी कंपन्यांत नवख्या उमेदवाराची निवड करताना दूरस्थ पदवीकडे नाक मुरडतात, आयोग काहीही म्हणो. अनुभव नसलेल्या मुलीच्या हातात नुसती ही पदवी दुबळी ठरते. आठ-दहा वर्षं नोकरी केलेल्या, कामाचा विषय माहीत असलेल्या बाईच्या हातात तीच पदवी जोरकस होते. म्हणून जिला बाहेर पडता येतं तिला बाहेर पाठवा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क माफ आहे. "परवडत नाही" म्हणण्याआधी पालकांनी एवढी चौकशी करावी. मुक्त विद्यापीठ हे ज्यांची वेळ गेली असं वाटतं त्यांच्यासाठी आहे. मुलीची वेळ आपणच घालवायची आणि मग तिला ते दाखवायचं, हे बरं नाही.

९. सत्र सुटलं तर सुटू द्या, नोंदणी सोडू नका.

बाळंतपण, आजारपण, बदली, कुणाचं तरी दवाखान्यात असणं, यातलं काहीतरी मधे येणारच. परीक्षा नाही देता आली तर पुढच्या खेपेला देता येते, आणि आधीचे विषय राहिले म्हणून पुढच्या सत्राची नोंदणी अडत नाही. बायका अडतात त्या दुसरीकडेच. सत्राची फी भरली की झालं असं त्यांना वाटतं. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, त्याची फी विषयागणिक वेगळी असते आणि त्याची तारीख निघून गेली की वर्षभराच्या अभ्यासाचंही काही चालत नाही. एका विषयाचा अर्ज भरला तरी चालेल, पण दर सहामाहीला काहीतरी भरलेलं असू द्या. पूर्ण थांबलेली बाई परत आल्याचं मी क्वचित पाहिलं.

दोघी-तिघींचा गट करा. मोठा व्हॉट्सॲप गट नको, त्यात सुप्रभातच्या फुलांखाली परीक्षेची सूचना गाडली जाते.

१०. पदवी मिळाल्यावर ती वापरा.

फ्रेम करून भिंतीवर लावायला हरकत नाही, पण कामावर तिचा उपयोग झाला पाहिजे. आमच्या बँकेत एका व्यापाऱ्याचं कर्ज वाढवून द्यायचा प्रस्ताव आला होता. चालू मालमत्ता चालू देण्यांच्या जवळजवळ दुप्पट, कागदावर सगळं छान. माझं काम फक्त टिपण तयार करण्याचं होतं. मी टिपणाखाली एक ओळ घातली: येण्यांची वयवार यादी मागवावी. यादी आली तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त येणी वर्षभर जुनी होती आणि त्यातली मोठी रक्कम त्याच्याच भावाच्या पेढीकडे. प्रस्ताव परत गेला. पदोन्नती मला लगेच मिळाली नाही, बरीच पुढे मिळाली. पण त्या दिवसानंतर कर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जाऊ लागले.

एमबीए झालेल्या बाईला कार्यालयात वाढदिवसाचे केक आणि हळदीकुंकवाचं नियोजन सोपवतात, "तुम्ही मॅनेजमेंट केलंय ना!" असं म्हणून. पहिल्यांदा हसावं, दुसऱ्यांदा नाही म्हणावं.

इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना होतात. माझ्या वेळी ओपनमॅट नावाची प्रवेश परीक्षा होती, आता ती नाही. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, राखीव प्रवर्गात ४५ टक्के गुण असले की अर्ज करता येतो. येत्या सत्राची तारीख हुकली तर सहा महिन्यांत पुढची येते. करायचं मनात असेल तर मुहूर्त शोधत बसू नका. या रविवारी कपाटातून पदवीची गुणपत्रिका काढा, आधार शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचं नाव जुळतंय का, ते बघा.